प्रा. लि. काळबांडे

सहा वर्षं ज्या माणसाला मी राजूभाऊ म्हणत होते, त्याचं नाव राजू नाही, हे मला त्याच्या आधार कार्डावरून कळलं.

कळलं तेही झेरॉक्स काढताना. मालेगावात बसस्टँडसमोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. मालेगाव म्हणजे आमचं, वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. नाशिककडच्या मोठ्या मालेगावाशी आमचं नातं एवढंच, की आमची अर्धी पार्सलं आधी तिकडे फिरून येतात. दुकानावर पाटी आहे ‘विलास झेरॉक्स’. विलास हे माझे यजमान. चार वर्षांपूर्वी ते गेले. पाटी राहिली आणि पाटीखालच्या खुर्चीत मी बसायला लागले. दिवसाला शे-दीडशे आधार कार्डं माझ्या हातून जातात, त्यांवरची नावं मी कधी वाचत नाही. त्या दिवशी मात्र काचेवर कार्ड ठेवता ठेवता नजर गेली. फोटो राजूभाऊचा. शेजारी नाव, लीलाधर किसन काळबांडे.

“राजूभाऊ, हे कार्ड कोणाचं हाय?”

“माह्यंच.”

“मंग राजू कोण?”

“राजू पुण्याले गेला नं, वयनी. कवाचाच.”

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की वेडं कोण, तो की मी, असा प्रश्न पडला. मला कुणी सहजासहजी बनवू शकत नाही अशी माझी समजूत होती. गावातले निम्मे खोटे रहिवासी दाखले मी काउंटरवरूनच परत पाठवलेले आहेत. आणि हा माणूस सहा वर्षं माझ्यासमोर, माझाच चहा पीत, राजू म्हणून बसत होता.

तर प्रकार असा. हा राजूभाऊ, म्हणजे लीलाधर, दातांच्या दवाखान्यांत बदलीवर जातो. डॉक्टरांच्या हाताशी एक मदतनीस असतो. तो हत्यारं उकळतो, तोंडातलं पाणी ओढायची नळी धरतो, कवळीचं माप घ्यायचा गुलाबी मसाला कालवतो आणि पेशंट पळून जाऊ नये म्हणून दाराकडे लक्ष ठेवतो. हा मदतनीस आजारी पडला, लग्नाला गेला किंवा कायमचा पुण्याला गेला की डॉक्टर लीलाधरला फोन करतात. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, जिथून फोन येईल तिथे हा आपली जुनी मोटारसायकल घेऊन हजर. स्वतःची अशी पक्की नोकरी त्याने कधी केली नाही. दाताला मात्र तो कधी हात लावत नाही. “दात डॉक्टरचा, थुंका माह्या,” ही त्याची कामाची वाटणी.

आणि ज्याच्या जागी जायचं, त्याचंच नाव घ्यायचं, ही त्याची रीत. मालेगावात राजू होता म्हणून हा राजू. रिसोडला संतोष, मंगरूळपीरला अन्वर. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, स्वतःचं नाव सांगायला जीभ झडते काय? त्याने मला समजावून सांगितलं, ते असं. दात काढायला आलेला माणूस आधीच भेदरलेला असतो. तोंडात कापसाचे बोळे असतात. महिनाभरापूर्वी आला तेव्हा त्याने ‘संतोष, पाणी दे’ म्हटलेलं असतं, आजही तो ‘अंतोऽ’ असंच काहीतरी करतो. तेव्हा त्याला सांगत बसायचं का, की संतोष नाही, मी लीलाधर? 

“नाव मानसाचं नसते, वयनी. खुर्चीचं असते.”

मंगरूळपीरला एका शुक्रवारी एक म्हातारे चाचा दाढ दाखवायला आले आणि याला म्हणाले, अन्वर, आज जुम्मा है, तू अभी तक यहीं? हातात हत्यारांचा ट्रे. खुलासा करायला वेळ नाही. हा गपचूप ट्रे ठेवून नमाजाला निघाल्यासारखा बाहेर गेला आणि चाचांची दाढ निघेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिला. डॉक्टरांनी नंतर झापलं. हा म्हणे, त्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात अन्वर वाईट ठरला असता, पोराची इज्जत होती.

माणसं त्याच्या लक्षात राहत नाहीत, दात राहतात. माझ्या मोठ्या जाऊबाईंना तो चार वेळा भेटलेला आहे. पण त्यांचा विषय निघाला की आधी विचारतो, कोणत्या, खालच्या डाव्या दाढेत चांदी भरलेल्या काय? मग म्हणतो, हाव हाव, लय चांगल्या हायेत. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघतो. नवीन माणसाला वाटतं, हा किती लक्ष देऊन ऐकतोय.

बदलीचं हे काम पुढे दवाखान्यापुरतं राहिलं नाही. लग्नात नवरीचा मामा वेळेवर पोचला नाही, बोलवा राजूभाऊला. तो नवरीमागे मामा म्हणून उभा राहतो आणि मंगलाष्टकं संपताना त्याचेच डोळे आधी भरतात. भजनात टाळवाला कमी पडला, हाच. क्रिकेटला पंच कमी पडला, हाच. निर्णय चुकीचा दिला म्हणून एकदा त्याला शिव्या घालत पळवून लावलं, तर म्हणाला, शिव्या त्या पंचाच्या होत्या, माह्या नाई. अशा माणसाचं काय करायचं? कुणी काहीच केलं नाही. सगळ्यांनी त्याला वापरलं, आणि त्या सगळ्यांत मीसुद्धा आले.

तर त्या दिवशी हे आधार कार्ड कशाला हवं होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, “कंपनी काढून राह्यलो.”

मी स्टुलावर बसले. मालेगावात माणसं पानठेला काढतात, गिरणी काढतात, फार झालं तर कृषी केंद्र. कंपनी निघाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. विचारलं, कंपनीत माणसं किती? म्हणाला, मीच.

मला वाटलं, दवाखान्यातलं दात बधिर करायचं औषध याच्याच डोक्यात गेलंय. पण कागद बघितले तर सगळं खरं निघालं. खेड्यांतल्या शाळांमध्ये जाऊन पोरांचे दात तपासणारी एक संस्था होती. तिला वर्षभरासाठी मदतनीस हवा होता. पण सुट्या माणसाला त्यांच्या नियमात जागा नव्हती, कंपनीकडूनच माणूस घ्यायचा होता. लीलाधरने वाशिमच्या एका सीएला गाठलं. त्यांनी सांगितलं, एकट्या माणसाचीही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी निघते, कायद्यात सोय आहे. कंपनीचं काम काय, असं त्यांनी विचारलं. हा म्हणाला, दवाखान्यांना तात्पुरता माणूस पुरवणे. किती माणसं पुरवणार? एक. आणि कंपनीचा मालक? तोच. सीएंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला, असं हा स्वतः कौतुकाने सांगतो.

मी त्याला म्हटलं, कशाला या भानगडीत पडता, तीन गावांत तुमचं बरं चाललंय. तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलेले नाही. म्हणाला, “वयनी, इथं कोणाच्या जागी नाई जायाचं. जागाच नवीन हाय. आदी तिथं कोणी बसेलच नव्हतं.”

मग मात्र मी त्याचे कागद मन लावून करायला घेतले. संस्थेने महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर नोंदणीचा अर्ज केल्याचे कागद पोचले नाहीत तर ते दुसरीकडे बघणार होते.

कंपनीला नाव काय द्यायचं यावर आठ दिवस गेले. ‘बदली दंतसहाय्य’ हे नाव शेवटी मंजूर झालं. पण त्याहून तो खूश होता ‘लिमिटेड’ या शब्दावर. सीएंनी त्याला मर्यादित जबाबदारी म्हणजे काय ते सांगितलं होतं. उद्या कंपनी बुडाली तरी घरातली भांडी कुणी उचलून नेत नाही. सोसायटीच्या पाटीवर ‘मर्या.’ लिहितात ते हेच, हा शोध लागल्यावर तो दोन दिवस गावातल्या सगळ्या पाट्या वाचत हिंडला. मग ज्याला त्याला सांगायला लागला की आता माह्यी जबाबदारी मर्यादित हाय. शेजारच्या काकूंनी गॅसचं सिलिंडर आणून द्यायला सांगितलं, तर याने त्यांना मर्यादित जबाबदारीवर अर्धा तास भाषण दिलं. मग सिलिंडर आणून दिलं आणि शेगडीला जोडूनही दिलं.

खरा घोटाळा कार्डांनी केला. नाव मंजूर झालं म्हणजे कंपनी झाली असं समजून या महाशयांनी लगेच कार्डं छापून घेतली. छापणाऱ्याला जागा पुरेना म्हणून त्याने ‘प्रायव्हेट लिमिटेड’चं केलं ‘प्रा. लि.’ आणि त्यालाच लागून खाली ‘काळबांडे’. आता आपल्याकडे ‘प्रा.’ म्हणजे कोण, हे शाळेतलं पोरही सांगेल. राहिलं ‘लि.’, तर ते लीलाधरचं. ऱ्हस्व-दीर्घाकडे आपल्याकडे बघतो कोण? कार्ड ज्याच्या हातात पडलं त्याने वाचलं, प्राध्यापक लि. काळबांडे.

मी कार्ड बघितलं आणि ओरडलेच. कंपनी अजून जन्माला आली नाही आणि तुम्ही बारशाचे पेढे वाटता? कायद्याने हे चालत नाही. त्याने कार्डं परत गोळा करायचं कबूल केलं, पण तोवर काही कार्डं आसेगावपर्यंत पोचली होती. आसेगाव हे त्याचं गाव. मोठा भाऊ तिथे शेती करतो. कार्डं परत घ्यायला हा गेला त्या दिवशी तिथल्या एका शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि वाशिमहून येणारे पाहुणे प्राध्यापक आलेच नाहीत. मंडप भरलेला, पोरं नटून बसलेली. कुणीतरी खिशातून कार्ड काढलं आणि म्हणालं, सर, एक प्राध्यापक तर आपल्या गावातच उभा आहे.

कुठल्याही शहाण्या माणसाने हात जोडून खुलासा केला असता. पण समोर खुर्ची रिकामी होती, आणि रिकामी खुर्ची बघितली की याचं भान सुटतं. शाल-नारळ घेतला, दीप लावला आणि पाऊण तास बोलला. विषय, रात्री झोपताना दात घासणे. हे मी नंतर ऐकलं. म्हटलं, उद्या कुणी तक्रार केली तर? पण झालं भलतंच. पुढच्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं, आजवरच्या सर्व पाहुण्यांत आपलंच भाषण पोरांच्या लक्षात राहिलं. पत्र अर्थात ‘प्रा. लि. काळबांडे यांसी’ होतं. ते त्याने माझ्याकडून लॅमिनेट करून घेतलं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पुढे अडलं ते एका रकान्यावर.

एकट्याच्या कंपनीत मालक एकच असतो. तो उद्या नसला तर त्याच्या जागी कोण, हे आधीच लिहून द्यावं लागतं आणि त्या माणसाची लेखी संमती लागते. त्याला नॉमिनी म्हणतात. सीएंनी हे सांगितल्यावर लीलाधर म्हणे खुर्चीतून अर्धा उठला. म्हणाला, म्हणजे बदली? सीए म्हणाले, तसंच समजा. वाशिमहून तो थेट दुकानात आला. त्याला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. त्याचे स्वतःचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

“वयनी, माह्या जागी बी कोनाले तरी यावं लागनार हाय. कायदाच हाय तसा.”

मग तो नॉमिनी शोधायला निघाला. त्याला वाटलं, यात काय मोठंसं, ज्यांच्या जागी आपण इतकी वर्षं गेलो त्यांतलाच एक येईल. आधी रिसोडचा खरा संतोष. त्याने आता मोबाइलचं दुकान टाकलंय. तो म्हणाला, नॉमिनी म्हणजे जामीनच, फक्त इंग्रजीतून, मी फसणार नाही. खरा राजू पुण्यात. त्याने तीनदा ‘सांगतो’ म्हटलं आणि सांगितलं नाही. आसेगावच्या भावाने ऐकून घेतलं आणि विचारलं, तू मेल्यावर मी कायले लोकाईच्या तोंडात नळी धरू? मंगरूळपीरचा अन्वर तयार झाला होता. सही करणार तेवढ्यात त्याच्या आईने कागद हातातून काढून घेतला. जीते-जागते आदमी के मरने के कागज पे मेरा बेटा दस्तखत नहीं करेगा, असं म्हणाली आणि याला जेवायला बसवलं. परत आल्यावर तो मला म्हणाला, सगळ्यांत चांगलं ‘नाही’ त्या मावशीनंच म्हटलं.

तो मलाही विचारायला आला होता. एकदा नाही, तीनदा. विचारलं मात्र नाही. तिन्ही वेळा त्याने कोरा संमतीचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, एक झेरॉक्स काढून द्या. कोऱ्या फॉर्मच्या झेरॉक्सचा अर्थ न कळण्याएवढी मी भोळी नाही. पण मी मशीनकडे तोंड करून उभी राहिले, कागद अडकल्यासारखं केलं. आपण बाईमाणूस, एकटं दुकान चालवतो, परक्या पुरुषाच्या कागदावर सही केली तर गाव काय म्हणेल, हे उत्तर मी मनात तयार करून ठेवलं होतं. त्याने विचारलं नाही म्हणून ते वापरावं लागलं नाही, एवढंच.

आणि हे उत्तर कुणासाठी तयार ठेवलं होतं, तेही सांगते.

यजमान गेले तेव्हा पोरांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांचे शेवटचे दिवस होते. वीस-पंचवीस पोरांची कागदपत्रं दुकानात पडलेली. मला त्यातलं काही सुचत नव्हतं. पाचव्या दिवशी मेडशी गावचे एक गृहस्थ भेटायला आले आणि म्हणाले, वहिनी, बातमी ऐकली पण खरी वाटेना, मी सकाळीच दुकानात फोन लावला तर विलासभाऊंनीच उचलला. माझ्या अंगावर काटा आला. चौकशी केली तेव्हा कळलं, शेजारच्यांकडून किल्ली घेऊन राजूभाऊने दुकान उघडलंय, दोन बोटांनी टाइप करून पोरांचे अर्ज भरतोय आणि फोन आला की ‘हाव, विलास बोलून राह्यलो’ म्हणतोय.

तेराव्यानंतर मी त्याला दुकानातच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. माणूस गेलाय माझा, तुम्हाला त्याच्या नावाचीही लाज वाटली नाही? तो खुर्चीतून उठून बाजूला उभा राहिला. खुर्ची फडक्याने पुसली. म्हणाला, “मानूस गेला तरी खुर्ची रिकामी दिसू द्याची नाई, वयनी. लोकं मंग दुसरीकडं जातात.” मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. पण चौदाव्या दिवशी मी त्या खुर्चीत बसले तेव्हा एकही गिऱ्हाईक तुटलेलं नव्हतं, आणि एकाही पोराची शिष्यवृत्ती बुडाली नव्हती. यासाठी मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. आजही हे लिहिताना मला माझीच शरम वाटते.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. म्हणाला, झालं काम, भेटला नॉमिनी, फक्त स्कॅन करून द्या. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी फॉर्म घेतला. नॉमिनीचं नाव, संतोष काळबांडे. म्हटलं, हा तुमच्या भाऊबंदातला का? मी फोटो बघितला. भांग दुसऱ्या बाजूने पाडलेला, डोळ्यांवर जाड चष्मा, चष्मा बहुतेक डॉक्टरांचा. आणि चष्म्यामागे लीलाधर.

“हे तर तुमीच हायेत.”

“हाव.”

“अवो, पण नॉमिनी म्हणजे तुमी मेल्यावर तुमच्या जागी येनारा मानूस. तुमीच कसे येसान?”

तो काउंटरच्या कडेवर बोट फिरवत होता. “आतापर्यंत माह्या जागी दुसरं कोणी आलं काय, वयनी? सगळीकडं मीच गेलो. याबी जागी मीच जाईन. काई जमवतो.”

मला हसू यायला हवं होतं. तोंड उघडलंही मी हसायला, पण ते तसंच उघडं राहिलं. हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्याने गावोगाव हिंडून बघितलं होतं, सगळ्यांना विचारलं होतं, आणि शेवटी जो एक माणूस कधी नाही म्हणत नाही त्याचं नाव लिहून आणलं होतं. सही वेगळी यावी म्हणून ती डाव्या हाताने केली होती. मी तशीच बघत राहिले, आणि तोही बघत होता, अर्थात माझ्या तोंडात.

“वरची उजवी दाढ दाखवून घ्या, वयनी. शेवटची. कीड लागून राह्यली.”

मी तो फॉर्म फाडला. तो घाबरून पुढे झाला. म्हणाला, अवो, उद्याची मुदत हाय. मी खणातून कोरा फॉर्म काढला. त्याच्या तीन झेरॉक्सी त्यानेच माझ्याकडून काढून घेतल्या होत्या आणि तिन्ही वेळा एकेक जास्तीची प्रत मशीनमधून निघाली होती. त्या मी का ठेवून दिल्या होत्या, ते मला त्या दुपारी समजलं. फॉर्म त्याच्यापुढे सरकवला, पेन दिलं आणि म्हटलं, लिहा, मी सांगते तसं.

“कोणाचं नाव लिहू?”

“माझं.”

त्याने पेन टेकवलं. आणि तसंच धरून ठेवलं. कान लाल झाले त्याचे. मला वाटलं भरून आलं असेल. मग हळूच म्हणाला, “वयनी, तुमचं नाव काय हाय?”

म्हणजे त्यालाही माझं नाव माहीत नव्हतं. सहा वर्षं. त्याला आधार कार्डावरून तोंडघशी पाडणारी मी, मला तरी कोण ओळखत होतं? विलासवयनी, झेरॉक्सवाल्या बाई, नाहीतर नुसतंच मॅडम. फोन आला की मीसुद्धा ‘विलास झेरॉक्स बोलतेय’ म्हणते. चार वर्षं एका पाटीखाली, एका खुर्चीत मी कुणाच्या नावाने बसले होते, ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्याच्या ते केव्हाच आलं असणार, बदलीवरच्या माणसाला दुसरा बदलीवरचा लगेच कळतो.

“सुमन,” मी म्हटलं. माझ्याच कानाला ते परकं लागलं.

त्याने ते सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं. मान वाकडी करून बघितलं. म्हणाला, चांगलं नाव हाय, कोणी म्हनत नाई काय? मी म्हटलं, ते म्हणायचे. त्याने फॉर्म माझ्याकडे वळवला आणि मी सही केली. गाव काय म्हणेल ते त्या वेळी मला आठवलंसुद्धा नाही.

मी फॉर्म आणि दोघांची आधार कार्डं स्कॅन करून दिली, आणि फाइल छातीशी धरून तो बाहेर पडला. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी लावलेली होती. तो दहा-बारा पावलं गेला असेल तेव्हा मला दिसलं, त्याचं आधार कार्ड काचेवरच राहिलं. ते हातात घेऊन मी पायरीवर आले. ‘राजूभाऊ’ अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि मोठ्याने हाक मारली, “ओ लीलाधरभाऊ!”

तो थांबला नाही. मी पुन्हा हाक मारली, “लीलाधरभाऊ!”

या वेळी त्याला ऐकू गेलं. त्याने मागे वळून बघितलं नाही. तो रस्त्याच्या कडेला सरकून उभा राहिला, मागून कुणी लीलाधर येत असेल तर त्याला वाट मिळावी म्हणून.